सेकंड हँड गाडीचा थकलेला रंग आणि रबिंग-पॉलिश : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहा-बारा वर्षांची गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, एसी गार, टायर बरे, पण बोनेटकडे बघवत नाही. खालची उत्तरं अशाच गाडीसाठी आहेत: उघड्यावर लावलेली, रोज कोरड्या-ओल्या फडक्यानं पुसलेली, कंपनीचाच मूळ रंग असलेली स्विफ्ट, आय-टेन किंवा वॅगन आर. ठोकून पुन्हा रंगवलेल्या गाडीचं गणित वेगळं असतं, ते जिथे लागेल तिथे सांगितलं आहे.

रंग ‘गेला’ म्हणजे नेमकं काय होतं?

बऱ्याचदा रंग जागेवरच असतो, खराब झालेला असतो तो त्याच्यावरचा पारदर्शक थर. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर क्लिअरकोट. हे सगळं मिळून साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाहून बारीक.

या थरावर हजारो बारीक ओरखडे पडले की उजेड सरळ परत येण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि लाल गाडी विटकरी, काळी गाडी राखाडी दिसायला लागते. वर पाण्याचे क्षार, डांबराचे थेंब, लोखंडाचे कण आणि झाडांचा चीक बसतो. पॉलिश करताना आपण नवा रंग देत नाही, क्लिअरकोटचा वरचा खराब भाग कापून खालचा गुळगुळीत भाग वर आणतो. कापलेला भाग परत येत नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवरून निघतात: गाडीकडे ठरावीक जाडीचा क्लिअरकोट आहे आणि तो तुम्हाला पुरवून वापरायचा आहे.

माझ्या गाडीला क्लिअरकोट आहे का, हे कसं ओळखायचं?

दाराच्या खालच्या बाजूला, चटकन दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअरकोट नाही, रंग एकाच थराचा आहे. कापड फक्त मळकट झालं तर क्लिअरकोट आहे. जुन्या मारुती ८००, अँबेसेडर, पद्मिनी यांवर आणि नंतरच्याही काही साध्या पांढऱ्या-लाल रंगांवर एकेरी थर सापडतो. मेटॅलिक रंगाच्या अलीकडच्या गाड्यांवर क्लिअरकोट असतोच.

एकेरी रंग उन्हानं खडूसारखा भुकटी धरतो. तो पॉलिशनं फार छान परत येतो, इतका की लोकांना चमत्कार वाटतो. लाल गाडी घासताना पॅड लाल झालं म्हणून घाबरू नका, पण तो लाल रंग गाडीचाच आहे हेही विसरू नका.

पॉलिशनं काय जाईल आणि काय जाणार नाही?

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर तो बहुतेक जाईल किंवा पुष्कळ फिका होईल. नख अडकलं तर पॉलिशनं फक्त कडा बोथट होतील, ओरखडा राहील. तळाशी पांढरं किंवा करडं दिसत असेल तर तो प्रायमरपर्यंत पोचला आहे आणि तिथे टचअपच हवं.

फडक्यानं पडलेल्या बारीक ओरखड्यांची गोल जाळी, पॉलिशवाल्यानं सोडलेले मशीनचे ढगासारखे डाग, पाण्याचे ताजे डाग, धुरकट झालेली चमक हे सगळं जातं. दुसऱ्या गाडीचा बंपर घासून लागलेला रंगही बऱ्याचदा जातो, कारण तो आपल्या रंगावर चढलेला असतो, आपला गेलेला नसतो.

छतावर किंवा बोनेटवर पांढुरके चट्टे, त्यांच्या कडेला सुटलेले पापुद्रे असतील तर क्लिअरकोट मेला आहे. त्यावर कितीही महागडं कंपाऊंड (जास्त कापणारं पॉलिश) लावा, उपयोग शून्य. उलट मशीनच्या फटक्यानं कडा आणखी सुटतात. रंगाखाली फुगा आलेला असेल तर आत गंज आहे, तो पॉलिशचा विषय नाही.

एजंटकडून घेतली तेव्हा गाडी लख्ख होती. दोन-तीनदा धुतल्यावर जाळी दिसायला लागली. असं कसं?

तेलकट, सिलिकॉनयुक्त पॉलिश लावलं की ओरखड्यांच्या खाचा तात्पुरत्या भरतात. शाम्पूनं ते धुऊन गेलं की ओरखडे पुन्हा हजर. विक्रीआधी हे सर्रास केलं जातं आणि यात बेकायदा काही नाही, पण गिऱ्हाईक म्हणून आपल्याला कळलं पाहिजे.

गाडी बघायला जाताना उन्हात जा. शोरूमच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक गाडी चांगली दिसते. मोबाइलचा टॉर्च बोनेटवर तिरपा धरून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बघा, जाळी असेल तर तिथेच दिसते. मालकानं परवानगी दिली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन मायक्रोफायबरच्या कापडावर लावा आणि एक हातभर जागा हलकेच पुसा, भरणा निघून खरा पृष्ठभाग दिसेल.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. एक पॅनल (दार, बोनेट असा एकेक भाग) १२० मायक्रॉन दाखवतंय आणि शेजारचं ३००, तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. हजाराच्या घरात आकडा गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पुन्हा रंगवलेलं म्हणजे लगेच वाईट असं नाही, शहरातल्या गाडीचा एखादा दरवाजा रंगवलेला असतोच. मात्र गॅरेजमधला क्लिअरकोट कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या क्लिअरकोटपेक्षा बहुधा मऊ निघतो, त्यामुळे तिथे पॉलिश करताना हात हलका ठेवा. प्लॅस्टिकच्या बंपरवर नेहमीचं मीटर चालत नाही.

सुरुवात कुठून करू?

नीट धुण्यापासून. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, कारण सगळ्यांना मशीन चालवायचं असतं. पण निम्म्या गाड्यांचा ‘गेलेला रंग’ व्यवस्थित धुतल्यावरच अर्धा परत येतो.

गाडी सावलीत लावा, बोनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. आधी नुसत्या पाण्याच्या जोरानं माती उतरवा, विशेषतः चाकांवरची कमान आणि दारांचा खालचा भाग. माती असताना फडकं लावलं तर तुम्ही गाडी धूत नाही, सँडपेपर मारताय. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात खळखळून पिळा, मग पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं, छत सगळ्यात आधी. चाकांचं कापड वेगळं ठेवा, ते चुकूनही रंगाला लागता कामा नये.

कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड रोजच्या धुण्याला नको. त्यानं आधीचं वॅक्स निघतं आणि रबर कोरडं पडतं. पॉलिशच्या आधीच्या एका धुण्याला भांड्याचं लिक्विड वापरलं तर एक वेळ चालेल, जुनं वॅक्स काढायचंच असतं.

दारं उघडून आतल्या कडाही धुवा. कोकणातून आलेल्या गाडीच्या रबरांखाली जांभ्या दगडाची तांबडी माती वर्षानुवर्षं बसलेली असते. कितीही पॉलिश केलं तरी दार उघडल्यावर ती आपलं गाव सांगते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, तीही काडीनं मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून सडतो.

धुतल्यावरही हात फिरवला की रंग खरबरीत लागतो. का?

रंगात रुतलेले कण. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोनेटवर अलगद फिरवा, खरखर दुप्पट जाणवेल. रेल्वे लाइनजवळ, औद्योगिक वसाहतीत किंवा मेट्रोच्या कामाजवळ गाडी उभी राहत असेल तर हे हमखास असतं. ब्रेकमधून उडणारी लोखंडाची भुकटीही यातच येते. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ना, तो गाडीचा गंज नसतो, बाहेरून येऊन बसलेल्या लोखंडी कणांचा असतो.

यासाठी आयर्न रिमूव्हर फवारतात. लोखंडाशी गाठ पडली की तो जांभळा होतो आणि ओघळतो. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा, बंद पार्किंगमध्ये हे काम करू नका. तो वाळू द्यायचा नाही, दोन-तीन मिनिटांत धुवायचा. डांबराच्या थेंबांना टार रिमूव्हर. तो नसेल तर थोडं रॉकेल कापडावर घेऊन डांबर मऊ करतात, चालतं, पण लगेच शाम्पूनं धुवा.

राहिलेल्या कणांसाठी क्ले बार: शाम्पूच्या पाण्यानं पृष्ठभाग भरपूर ओला ठेवून मातीची चपटी वडी हलक्या हातानं पुढे-मागे सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, आवाज करते, मग एकदम गुळगुळीत सरकायला लागते. वडी मळली की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडली तर फेकून द्या, धुऊन वापरायचा मोह टाळा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके काही केल्या जात नाहीत.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उन्हात उडून जातं, क्षार मागे राहतात. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन, कापड मिनिटभर ठेवून पुसले की जातात. नंतर भरपूर पाणी घाला. जुने डाग रंगात खड्डा करून बसलेले असतात, ते पॉलिशनं कमी होतात. काचेवरचे हट्टी डाग सेरियम ऑक्साइडच्या पेस्टनं निघतात. वॉशिंग सेंटरवर कोणी ‘ॲसिड मारून देतो’ म्हणालं तर नको म्हणा, क्रोम आणि काचा कायमच्या धुरकट होतील.

पुढच्या वेळी शेवटचं पाणी आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं घ्या, नाहीतर धुतल्या धुतल्या गाडी पुसून कोरडी करा.

आमच्या सोसायटीत पार्किंग आंब्याखाली आहे. चिकट थेंब कसले?

मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे येतात, त्यांच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो आणि खाली उभ्या गाडीवर बारीक तुषार बसतात. काही दिवसांत त्यावर काळी बुरशी धरते. आठवड्याच्या आत कोमट शाम्पूच्या पाण्यानं धुतलं तर निघून जातं, महिनाभर ठेवलं तर त्रास देतं.

पक्ष्यांची विष्ठा जास्त वाईट. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेला क्लिअरकोट तिच्याखाली चिरतो. जांभूळ, उंबर, बदामाच्या झाडाखाली वटवाघळांचं योगदान वेगळंच. नखानं खरवडू नका. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवा, भिजलं की उचलून घ्या. गाडीत पाण्याची छोटी स्प्रे बाटली आणि एक स्वच्छ कापड ठेवलं तर पॉलिशचे बरेच पैसे वाचतात.

हातानं पॉलिश होईल का? की मशीन घ्यावं लागेल?

एखाद-दुसरा ओरखडा, दाराच्या मुठीमागची नखांची नक्षी, हे हातानं होतं. आख्खी गाडी हातानं करायला गेलात तर खांदे भरून येतील आणि एकसारखी चमकही येणार नाही.

मशीन दोन प्रकारची. रोटरी एकाच दिशेनं गोल फिरतं, पटकन कापतं आणि पटकन जाळतं. गॅरेजमध्ये बहुतेक हेच असतं आणि बोनेटवरचे ढगासारखे गोल डागही याचीच देणगी. दुसरं ड्युअल ॲक्शन, ते फिरता फिरता थरथरतं, एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाब दिला तर फिरणं थांबतं, म्हणजे चूक करायला स्वतःच अडवतं. घरी करणार असाल तर ड्युअल ॲक्शनच घ्या. काम हळू होतं, होऊ द्या.

प्रत्यक्ष पॉलिश कसं करायचं?

आधी रबर बीडिंग, काळं प्लॅस्टिक, लोगो आणि पॅनलच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरं कंपाऊंड वाळलं तर ते काढण्यात संध्याकाळ जाते. कडांवर क्लिअरकोट सगळ्यात पातळ असतो आणि पॅड नेमकं तिथेच जोरात लागतं, म्हणून टेप.

मग चाचणीची जागा. बोनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपनं आखा. मऊ फोमचं पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या. शितावरून भाताची परीक्षा इथे तंतोतंत लागू पडते. सौम्य पॉलिशनं समाधान झालं तर संपूर्ण गाडी त्याच जोडीनं करा. नाही झालं तर आधी पॅड बदला, मग पॉलिश. थेट जाड कंपाऊंड आणि लोकरीच्या पॅडवर उडी मारायची नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. मशीन बंद ठेवूनच ते चौकोनात टिपटिप टेकवा, मग सगळ्यात कमी वेगावर पसरवा. असं केलं नाही तर पहिल्या सेकंदाला भिंत, शर्ट आणि शेजारची गाडी सगळ्यांना प्रसाद मिळतो. नंतर वेग मध्यम करा आणि मशीन सावकाश आडवं न्या, सेकंदाला इंचभर इतकं सावकाश. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आडवे झाले की उभे. असे चार-पाच फेरे. दाब मशीनच्या वजनाइतका, थोडासा जास्त. पॅड पृष्ठभागाला सपाट ठेवा, तिरकं झालं की कड घासते.

पॉलिश आधी दुधी असतं, मग पारदर्शक तेलकट पापुद्रा दिसतो. तिथे थांबा. कोरडं घासत राहिलात तर धूळ उडते आणि नवे ओरखडे पडतात. स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. त्याच्या कडेचं शिवलेलं लेबल आधीच कापून टाका, तेही ओरखडतं. मग अल्कोहोल-पाण्यानं पुसून टॉर्च तिरपा धरा. जे दिसतं तेच खरं, तेल असताना दिसलेली चमक मोजायची नाही.

दर एक-दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं झाडा. दर पॅनलला हात लावून बघा: पत्रा कोमट चालेल, चटका बसत असेल तर थांबा. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर जास्तच जपा, पत्र्यासारखी उष्णता तिथे पसरत नाही आणि रंग पटकन सुरकुततो.

बोनेट, छत आणि डिकी यांना जास्त वेळ द्या, ऊन तिथेच पडतं. दारांना कमी लागतं. बंपरच्या खालच्या पट्टीकडे कोणी बघत नाही, तिथे दोन फेरे मारून पुढे जा. छोट्या गाडीला घरी दोन सुट्ट्या आरामात जातात. एका दिवसात उरकायला गेलात तर संध्याकाळी दमलेल्या हातानं कड जळते.

शंभर टक्के ओरखडे काढावेत का?

रोजच्या गाडीचे नाहीत. सौम्य पॉलिशचा एक हात मायक्रॉन-दोन मायक्रॉन घेतो, कंपाऊंडचा त्याहून जास्त. ४०-५० मायक्रॉनमध्ये हे किरकोळ वाटतं, पण सेकंड हँड गाडीवर आधीच्या मालकानं किती रबिंग (कंपाऊंडनं घासणं) मारलंय हे कोण सांगणार? ऐंशी टक्के ओरखडे गेले की गाडी तीन फुटांवरून नवी दिसते. उरलेले वीस टक्के काढण्यासाठी क्लिअरकोट दुपटीनं खर्च होतो आणि पार्किंगमधली पुढची ॲक्टिव्हा ते आठवड्यात परत देते.

दरवर्षी सर्व्हिसिंगला ‘रबिंग करून घ्या साहेब’ म्हणतात, त्याला नम्रपणे नाही म्हणा. मोठं काम एकदा, पुढे दोन-तीन वर्षांनी गरज वाटली तर सौम्य पॉलिशचा हलका हात. दोन हजार ग्रिटचा पेपर आणि पाणी घेऊन क्लिअरकोट घासायचं काम घरी करू नका. ते ज्याच्याकडे मीटर आणि अनुभव दोन्ही आहेत त्याचं.

कोणत्या दिवसांत करावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही, पॉलिश पॅडवरच वाळतं. तिकडे पहाटे किंवा बंद शेडमध्येच करा. पावसाळ्यात पॉलिश होतं, पण सिरॅमिक कोटिंग दमट हवेत नीट बसत नाही आणि पाणी लागू न देता गाडी ठेवणंही अवघड.

टूथपेस्ट? डिझेलचं फडकं? खोबरेल तेल?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, म्हणून बारीक ओरखडा फिका होतो. पण कण किती जाड ते तुमच्या हातात नाही. पॉलिशची छोटी बाटली मिळत असताना हे कशाला?

डिझेल-पाण्याचं फडकं मारून गाडी चकाकवायची टॅक्सीवाल्यांची जुनी पद्धत आहे. तासभर छान दिसते, मग त्या तेलकट थरावर रस्त्याची सगळी धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशीचं फडकं ती धूळ रंगावर दळतं. खोबरेल तेलाचंही तेच. ते केसांना लावा.

पॉलिशनंतर काय लावू: वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक?

काहीतरी लावाच, पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा असतो. वॅक्स स्वस्त, हातानं लागतं, आपल्या उन्हात एक-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. डीलर ज्याला ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणतात ते बहुतेक सीलंटच्या जातीचंच असतं, पाच वर्षांची भाषा ऐकून भुलू नका.

सिरॅमिक चांगलं लावलं तर वर्ष-दोन वर्षं पाणी आणि घाण धरून ठेवत नाही, धुणं सोपं होतं. पण त्यानं ओरखडे थांबत नाहीत. जाहिरातीतला ‘नाईन एच’ हा पेन्सिलीच्या कडकपणाचा मापदंड आहे, शाळेच्या पोरांच्या सायकलचं हँडल तो वाचत नाही. ओरखडे आणि दगड अडवायचे तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, पण दहा वर्षांच्या गाडीला तिचा खर्च पटत नाही. शिवाय सिरॅमिक खाली जे आहे ते तसंच गोठवतं, म्हणून आधीचं पॉलिश नीट नसेल तर पैसे पाण्यात.

दहा वर्षांच्या गाडीला माझं मत सीलंटचं. दिवाळीत एकदा, पावसाळ्याआधी एकदा.

बोनेटच्या पुढच्या कडेला दगड लागून टवके उडालेत.

एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या मागे राहिलं की हे होतंच. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा इंजिनच्या डब्यात स्टिकरवर असतो, त्यानुसार टचअप बाटली घ्या. झाकणातल्या ब्रशनं ढब्बा पडतो, त्यापेक्षा टूथपिकच्या टोकानं थेंब खड्ड्यात सोडा, वाळू द्या, पुन्हा सोडा. पातळ थर दोन-तीन. जवळून दिसेल, पण पत्रा झाकला जाईल, आणि हेतू तोच आहे.

रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे हे लांबवू नका. खारी हवा उघड्या पत्र्याला एका पावसाळ्यात गंज धरवते. गंज धरलाच असेल तर खरवडून स्वच्छ पत्रा, प्रायमर, मग रंग, गंजावर रंग लावणं ही नुसती मलमपट्टी.

हेडलाइट पिवळे पडलेत, ते यात होतात का?

होतात, आणि गाडीचं वय दिसायला हेच जास्त कारण असतं. काच पॉलिकार्बोनेटची असते, तिच्यावरचा उन्हापासून वाचवणारा थर जळतो. भोवती टेप लावून पाण्यासोबत ८००, १५००, २०००, ३००० असे पेपर मारा, मग पॉलिश. शेवटी उन्हापासून संरक्षण देणारं कोटिंग लावलंच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

काळं प्लॅस्टिक पांढरट झालंय.

ट्रिम रिस्टोरर मिळतं, ते लावा. टायर पॉलिश लावू नका, पहिल्या पावसात ओघळून रंगावर रेघा पडतात.

मॅट (बिनचमकीचा) रंग किंवा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर?

पॉलिश करायचं नाही. चकाकणारा ठिपका उमटला की तो परत मॅट होत नाही.

दुकानात द्यायची असेल तर काय विचारू?

पहिलं, मशीन कोणतं आणि आधी चाचणीची जागा करून दाखवाल का? दुसरं, मीटरनं जाडी मोजता का? तिसरं, कोटिंगच्या आधी अल्कोहोलनं पुसून दाखवाल का? हे विचारल्यावर ज्याचा चेहरा खुलतो त्याच्याकडे गाडी द्या. जो ‘साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ म्हणतो तिथून निघा.

दीड-दोन हजारांत दोन तासांत होणारं रबिंग-पॉलिश म्हणजे रोटरी, लोकरीचं पॅड आणि भरणा करणारं पॉलिश, दुसरं काही त्या पैशांत बसतच नाही. दिवस-दोन दिवसांचं नीट काम गावानुसार आणि गाडीच्या आकारानुसार त्याच्या कैक पट जातं. गाडी विकायचीच असेल तर एवढा खर्च वसूल होत नाही. नीट धुणं, क्ले, हेडलाइट आणि वॅक्स एवढ्यावर थांबा.

छताचा क्लिअरकोट सुटलाय. रंगवून घेऊ? आरटीओ, विमा यांचं काय?

तेवढंच पॅनल रंगवा, आख्खी गाडी नको. मूळ रंग जिथे शाबूत आहे तिथे तो कुठल्याही गॅरेजच्या रंगापेक्षा सरस आहे. त्याच रंगात रंगवलं तर आरटीओत जायचं कारण नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

उन्हानं उडालेला रंग विम्यात बसत नाही, ती झीज आहे. ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब करा. तो पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून सलग पाच वर्षांना ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका दारासाठी तो घालवणं क्वचितच परवडतं.

सोसायटीत रोज गाडी पुसणारे काका आहेत. त्यांना बंद करू का?

बंद करायची गरज नाही, पद्धत बदला. तीस गाड्यांना एक बादली आणि एक फडकं, ते पाणी तिसऱ्या गाडीलाच गढूळ झालेलं असतं. तुमच्या गाडीवरची जाळी बहुतेक तिथलीच आहे. काकांना सांगा: रोज फक्त काचा आणि आतून, बॉडीला फडकं लावायचं नाही, रविवारी पाणी मारून शाम्पूनं. पैसे तेवढेच ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल काम कापलं. दोन मायक्रोफायबर आणि हातमोजा तुम्हीच घेऊन द्या. डिकीतला लांब दांड्याचा धूळझाडूही कोरड्या गाडीवर फिरवू नका.

दसऱ्याला गाडीची पूजा असते. नुकतंच पॉलिश केलंय, काय काळजी घेऊ?

झेंडूचा हार तारेचा नको, दोऱ्याचा घ्या. हार बांधून गाडी चालवली की तार ग्रिलवर आणि बोनेटच्या कडेवर घासत राहते. नारळ गाडीपासून लांब फोडा. बोनेटवर स्वस्तिक काढायचं तर कुंकू पाण्यात किंवा तेलात कालवू नका, बाजारच्या कुंकवातला कृत्रिम रंग पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा सोडतो. कोरडं कुंकू बोटानं लावा आणि संध्याकाळीच शाम्पूच्या पाण्यानं धुवा. खाली सीलंट असेल तर सहज निघेल. हळदीचा डाग राहिला तर घासत बसू नका, हळदीचा पिवळेपणा उन्हात उडतो, दोन-चार दिवस गाडी बाहेर लावली की तो फिका पडतो.